फॅमिली डॉक्टरकडे नंबर कसा लावायचा आणि घरी व्हिजिटला कसं बोलवायचं

घरात वयस्कर माणूस असेल, किंवा आईबाबा गावाकडे नाहीतर पुण्यात दोघंच आणि आपण बंगळूरला किंवा अमेरिकेत, तर हे एकदा निवांत वाचून ठेवा, कारण ज्या दिवशी गरज लागते त्या दिवशी वाचायला वेळ नसतो. मी लिहितेय ते आपल्याकडच्या साध्या दवाखान्यांबद्दल, म्हणजे चौकातला, सोसायटीच्या खालचा, तालुक्याला बाजारपेठेत असतो तसला एका डॉक्टरचा दवाखाना, आत एक कंपाउंडर नाहीतर रिसेप्शनला एक मुलगी आणि बाहेर बाकड्यावर ताटकळलेली माणसं. मोठ्या हॉस्पिटलची ओपीडी हा वेगळाच विषय आहे, तो इथे नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. घरी येणारा डॉक्टर आयत्या वेळी शोधून मिळत नाही, तो आधीच्या ओळखीतून मिळतो. रात्री नऊला अनोळखी घरातून फोन आला की आमच्या आजींना बरं नाहीये, लगेच या, तर बहुतेक डॉक्टर नाही म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, पेशंटची हिस्टरी माहीत नाही, घर माहीत नाही, माणसं कशी आहेत माहीत नाही, लेडी डॉक्टर असतील तर अजूनच अवघड. डॉक्टरांवर हल्ले होतात म्हणून आपल्या राज्यात २०१० मध्ये वेगळा कायदा करायला लागला, यावरून समजा त्यांना काय वाटत असेल. म्हणून आईबाबा चालते-फिरते आहेत तोवरच घराजवळचा एक डॉक्टर ठरवा, दोघांना घेऊन एकदा जा, बीपी-शुगर दाखवा, फाइल करून घ्या, आणि तेव्हाच सरळ विचारा, "डॉक्टर, पुढे कधी यांना येता आलं नाही तर तुम्ही घरी व्हिजिटला येता का? कुठल्या वेळेला? आणि तुम्ही नसाल तर कोणाला बोलवायचं?" हे विचारायला लाजू नका. जे येत नाहीत ते तसं स्पष्ट सांगतात आणि मग आपण दुसरं कोणी बघून ठेवू शकतो.

डॉक्टर ठरवताना पाटीवर किंवा प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर रजिस्ट्रेशन नंबर आहे ना ते बघा, तो लिहिणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एमबीबीएस असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर, आयुर्वेदाचे बीएएमएस किंवा होमिओपॅथीचे बीएचएमएस असतील तर त्यांच्या त्यांच्या कौन्सिलचा. आणि अंतर बघा, नाव किती मोठं आहे यापेक्षा दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर आहे का हे इथे जास्त कामाचं आहे, कारण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गावाच्या दुसऱ्या टोकाचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी घरी येणार नाही.

आता नंबर लावायचं. बऱ्याच दवाखान्यांची वेळ सकाळी दहा ते एक-दीड आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशी काहीतरी असते, रविवारी फक्त सकाळी किंवा पूर्ण बंद, शिवाय आठवड्यातून एखादी संध्याकाळ बंद, ही बंद संध्याकाळ कुठली ते आधीच विचारून लिहून ठेवा. काही ठिकाणी फोनवर नंबर मिळतो, काही ठिकाणी व्हॉट्सॲपवर नाव टाकायचं, काही ठिकाणी ॲपवरून, आणि अजूनही खूप ठिकाणी प्रत्यक्ष जाऊनच नाव सांगायला लागतं. फोनवर नंबर देणाऱ्या दवाखान्यात फोन कधीपासून घेतात हे महत्त्वाचं, दवाखाना दहाला उघडत असला तरी कंपाउंडर साडेनऊला येऊन झाडलोट करून वही उघडतात, तेव्हा केलेला फोन पटकन लागतो, साडेदहाला केला की ते आत-बाहेर करत असतात आणि फोन नुसता वाजत राहतो.

फोनवर काय बोलायचं ते सांगते कारण इथेच निम्मा गोंधळ होतो. नाव, वय, जुने पेशंट की नवीन, आणि त्रास एका वाक्यात. "दादा, सुमनताईंसाठी नंबर हवाय, वय ७४, जुन्या पेशंट आहेत, तीन दिवस ताप आहे आणि आजपासून खाणं बंद केलंय." एवढं बोललात की समोरचा माणूस ठरवू शकतो की यांना आत्ता बोलवायचं का संध्याकाळी. नुसतं "अपॉइंटमेंट पाहिजे" म्हणालात तर तो वहीत पुढचा रिकामा आकडा देणार, त्याला तरी काय कळणार. कंपाउंडरला त्रास कशाला सांगायचा असं काही लोकांना वाटतं, खाजगी असेल तर "खाजगी आहे, डॉक्टरांशीच बोलायचंय" एवढं म्हटलं तरी चालतं, पण किती दिवसांपासून आणि वाढतंय का कमी होतंय हे सांगाच. त्यांच्याशी नीट बोला, नाव विचारून घ्या, डॉक्टरांपर्यंत निरोप पोचतो तो त्यांच्यामार्फतच.

मिळालेली वेळ अंदाजे असते. सातचा नंबर म्हणजे सातला आत असं नाही, मध्ये एखादं तापाने फणफणलेलं बाळ येतं, टाके घालायला कोणी येतं, औषध कंपन्यांचे एमआर लोक येतात. निघायच्या आधी फोन करून "कितवा नंबर चालूय" विचारा आणि आपल्या आधी तीन-चार राहिले की घरातून निघा, वयस्कर माणसाला दीड तास बाकड्यावर बसवू नका. सोमवारी सकाळी सगळीकडेच गर्दी, पावसाळ्यात जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू-मलेरिया-व्हायरलची गर्दी, म्हणून नुसतं रेग्युलर बीपीचं चेकअप असेल तर मंगळवार-बुधवारची सकाळ संपतानाची वेळ मागा, डॉक्टरही जरा सवडीने बोलतात. आणि जिना चढता येत नसेल तर ते फोनवरच सांगा. बरेच डॉक्टर खाली येऊन गाडीत किंवा रिक्षातच पेशंट बघतात, हे खूप जणांना माहीतच नसतं आणि मग उगाच माणसाला खुर्चीत बसवून चौघं मिळून वर नेतात.

जायचं नसेल तर फोन करून नंबर कॅन्सल करा, एवढं कराच, तुमच्या जागी कोणीतरी दुसरं जाऊ शकतं.

दवाखान्यात जाताना फाइल न्या, पण फाइलपेक्षा महत्त्वाच्या म्हणजे आत्ता चालू असलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, सगळ्या, एका पिशवीत. "ती पांढरी छोटी गोळी" यावरून कोणालाच काही कळत नाही, आणि गुडघ्याच्या डॉक्टरने दिलेली पेनकिलर फॅमिली डॉक्टरला माहीत नसते, ती किडनीवर आणि बीपीवर परिणाम करते, म्हणून पिशवीत आयुर्वेदिक काढे-चूर्णं सुद्धा टाका. घरी बीपी-शुगर मोजत असाल तर तारीख-वेळ घालून कागदावर लिहा. उपाशीपोटीची शुगर करायची असेल तर किमान आठ तास काही खाल्लेलं नको, पाणी चालतं. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट दाखवायला पुन्हा जायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी फी लागत नाही किंवा कमी लागते, ते आणि त्यासाठी नंबर लावायला लागतो का मध्येच सोडतात हे निघतानाच विचारून घ्या.

फोनवर किंवा व्हिडिओवर दाखवायचं असेल तर तेही आता रीतसर चालतं, केंद्र सरकारने २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यानुसार डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर, चॅटवर सल्ला देऊ शकतात, पण समोर आणून दाखवा असं म्हणायचा हक्क पूर्ण त्यांचा. नेहमीच्या पेशंटच्या चालू गोळ्या पुढे लिहून देणं, रिपोर्ट बघणं, जखम कशी दिसतेय ते फोटोत बघणं याला हे छान आहे. काही सवय लागणारी औषधं मात्र अशी लिहून देता येत नाहीत, तिथे आग्रह धरू नका. आणि फोनवर सल्ला घेतला तरी फी विचारा आणि द्या, तो त्यांच्या कामाचाच वेळ आहे. जवळ कोणीच डॉक्टर नसेल तर सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन सेवा आहे, मोबाइल नंबरवर ओटीपी घेऊन लॉगिन करायचं, डॉक्टर व्हिडिओवर येतात, पैसे पडत नाहीत.

आता घरी व्हिजिटचं, आणि इथे जरा सविस्तर लिहिते.

व्हिजिट कोणासाठी? पॅरालिसिस झालेले, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले, नळी असलेले म्हणजे लघवीचा कॅथेटर नाहीतर नाकातली जेवणाची नळी, बेडसोअर म्हणजे पडून पडून अंगाला जखमा झालेले, डिमेन्शियामुळे म्हणजे विसरभोळेपणाच्या आजारामुळे बाहेर नेलं की घाबरणारे आणि कॅन्सरचे शेवटच्या टप्प्यातले पेशंट. ज्यांना रिक्षात बसवून दहा मिनिटात नेता येतं त्यांना दवाखान्यातच न्या, कारण तिथे नीट उजेड, तपासायचं टेबल, इंजेक्शन सगळं हाताशी असतं, घरी डॉक्टरांच्या बॅगेत बीपीचं मशीन, स्टेथोस्कोप, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि चार इंजेक्शनं एवढंच असतं. एक्स-रे, सोनोग्राफी घरी होत नाही हे धरून चाला. रक्त मात्र घरी येऊन घेतात, जवळच्या लॅबला आदल्या दिवशी सांगितलं की सकाळी माणूस येतो, त्यासाठी डॉक्टरला थांबवायची गरज नाही, उलट डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी रिपोर्ट तयार असेल तर व्हिजिटचा उपयोग दुप्पट होतो, फक्त कुठल्या टेस्ट ते डॉक्टरांनाच फोनवर विचारून घ्या.

आणि व्हिजिट कधी बोलवायचीच नाही हे त्याहून महत्त्वाचं. छातीत दुखतंय किंवा आवळल्यासारखं होतंय आणि दरदरून घाम येतोय, दम इतका लागलाय की वाक्य पुरं बोलता येत नाही, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, एक हात लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, शुद्ध हरपलीय, फिट थांबत नाहीये, खूप रक्त जातंय, यातलं काहीही असेल तर फॅमिली डॉक्टरची वाट बघत बसायचं नाही, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावायचा नाहीतर आपली गाडी काढायची आणि थेट मोठं हॉस्पिटल. मेंदूचा झटका असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं, शिवाय आधी सीटी स्कॅन करायला लागतो जो घरी होऊच शकत नाही. "आधी आपले डॉक्टर येऊन बघून जाऊ दे" यात तास-दीड तास सहज जातो. हे मी कळकळीने सांगतेय, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कामाला येणाऱ्या मावशींनाही. १०८ ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, चोवीस तास, फुकट. डॉक्टरांना फोन जरूर करा, पण निघाल्यावर वाटेतून, म्हणजे ते पुढे कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं ते सांगतील.

व्हिजिट मागायची वेळ सकाळची. डॉक्टर साधारण सकाळची ओपीडी संपल्यावर जेवायला जायच्या आधी नाहीतर संध्याकाळचा दवाखाना उघडायच्या आधी व्हिजिट करतात, म्हणून सकाळी दवाखाना उघडताच सांगितलं तर त्या दिवशी दुपारी जमू शकतं, संध्याकाळी सातला सांगितलं तर बाहेर गर्दी बसलेली असते आणि रात्री साडेनऊनंतरच विषय निघतो. आईला रात्रभर बरं नव्हतं तर सकाळी "बघू, दुपारपर्यंत बरं वाटतंय का" असं करत संध्याकाळ करू नका. फोनवर सांगायचं: काय झालंय, कधीपासून, आत्ताचा ताप किती, बीपी-ऑक्सिजन-शुगर मोजता येत असेल तर आकडे, लघवी होतेय का, खाणं-पाणी किती, पेशंट ओळखतोय का नीट बोलतोय का. हे शेवटचं खास, म्हाताऱ्या माणसांना इन्फेक्शन झालं तरी ताप येत नाही कधी कधी, नुसतंच बडबडतात किंवा गप्प होतात, डॉक्टरांना यावरून बरंच कळतं. आणि फी तिथेच विचारून टाका, "व्हिजिटची फी किती होईल डॉक्टर?" ती दवाखान्यातल्या फीपेक्षा जास्तच असणार, जायचा-यायचा वेळ जातो, रात्रीची अजून जास्त, त्यात घासाघीस बरी दिसत नाही. ७० वर्षांवरच्यांचं जे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघालंय ते ॲडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी आहे, दवाखान्याची फी किंवा व्हिजिट त्यात येत नाही, बरेच लोक यात फसतात म्हणून लिहिलं.

पत्ता नीट पाठवा. व्हॉट्सॲपवर लोकेशन, त्याच्याबरोबर लिहून बिल्डिंगचं नाव, विंग, मजला, लिफ्ट चालू आहे का, गेट कुठल्या बाजूने, गाडी कुठे लावायची. वॉचमनला आधी सांगून ठेवा नाहीतर ते डॉक्टरांना रजिस्टरमध्ये नाव लिहायला उभं करतात. वाडीत-गावात असाल तर एक माणूस रस्त्यावर उभा ठेवा, कोकणात तर पावसात हे लागतंच. कुत्रा असेल तर बांधा.

डॉक्टर यायच्या आधी खोलीत भरपूर उजेड करा, टीव्ही बंद, पलंगाच्या एका बाजूला उभं राहायला जागा आणि एक खुर्ची. पेशंटला कवळी, चष्मा, कानाचं मशीन लावून ठेवा, ऐकू येत नाही म्हणून आजी हो-हो करत राहतात आणि डॉक्टर चुकीचं समजतात असं होतं. कपडे सैल, बाही वर जाईल असे. बेडसोअर किंवा लघवीचा त्रास असेल तर कूस वळवायला मदतीला एक जण लागतो, तो हजर असू दे. हात धुवायला साबण आणि स्वच्छ टॉवेल. फाइल, गोळ्यांची पिशवी, आकड्यांचा कागद पलंगाजवळ. आणि जो माणूस चोवीस तास जवळ असतो तोच तिथे हवा, मग ती सून असेल, मुलगा असेल किंवा केअरटेकर ताई असतील, कारण रात्री काय झालं ते ऑफिसमधून धावत आलेल्याला माहीत नसतं. तुम्ही परदेशात असाल तर व्हिडिओ कॉलवर जरूर या पण डॉक्टर तपासत असताना फोन बाजूला ठेवायला सांगा, तपासून झाल्यावर पाच मिनिटं बोला. वेळेच्या फरकाने आपल्याकडचा दुपारचा एक म्हणजे न्यूयॉर्कला मध्यरात्र उलटून गेलेली असते, त्यामुळे नाही जमलं तर डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदाचा फोटो घ्या आणि प्रश्न असतील तर सगळे मिळून एकाच मेसेजमध्ये एकाच भावंडाने विचारा. तिघा भावंडांनी तीन फोन केले की डॉक्टर वैतागतात.

एक सवय आपल्याकडे फार आहे, डॉक्टर आले की आजोबांचंही बीपी, मग काकूंचा गुडघा, मग शेजारच्या वहिनी रिपोर्ट घेऊन येतात. घरातल्या दुसऱ्या कोणाला खरंच दाखवायचं असेल तर फोन करतानाच सांगा आणि त्याचीही फी द्या. खाली दवाखान्यात लोक बसलेले असतात.

निघताना तीन गोष्टी विचारल्याशिवाय सोडू नका: काय झालं तर लगेच फोन करायचा, काय झालं तर फोनही न करता हॉस्पिटलला न्यायचं, आणि पुन्हा कधी बघणार. औषधं कागदावर लिहून घ्या, वेळेसकट, तारीख आणि सहीसकट. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला महिन्या-दोन महिन्यांनी एकदा त्रास नसतानाही डॉक्टरांनी बघून जावं असं ठरवून टाका. याचं अजून एक कारण आहे, बोलायला जड जातं पण लिहायला हवं. माणूस घरीच वारला तर मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट, तो नमुना ४अ, शेवटच्या आजारात ज्यांनी बघितलं ते डॉक्टर देतात, आणि कायद्याने त्याची फी घेता येत नाही. ज्यांनी पेशंटला आधी कधी बघितलेलंच नाही ते डॉक्टर सही करायला कचरतात आणि ते बरोबरच आहे, मग अशा वेळी घरच्यांची रात्रभर धावपळ होते, कधी प्रकरण पोलिस आणि पोस्टमॉर्टेमपर्यंत जातं. नियमित बघणारा डॉक्टर असेल तर हे टळतं.

खाजगी डॉक्टर येत नाही किंवा परवडत नाही तर सरकारी बाजूने विचारा. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे, त्यात अंथरुणावरच्या वयस्कर माणसांना घरी जाऊन बघणं आरोग्य केंद्राच्या कामात धरलेलं आहे. गावात आशाताईंना नाहीतर उपकेंद्राच्या सिस्टरना सांगा आणि नाव लिहून घ्यायला लावा, मागितल्याशिवाय कोणी येत नाही. कॅन्सरच्या पेशंटसाठी पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे पेशंटचा त्रास कमी करून आराम देणारं केंद्र, १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत, आणि मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह विभागाची माणसं त्यांच्या पेशंटना घरी जाऊन बघतात, तिथे उपचार चालू असतील तर त्यांनाच विचारा. कॅथेटर बदलणं, ड्रेसिंग, नाकातली नळी यासाठी दर वेळी डॉक्टरच हवेत असंही नाही, डॉक्टरांच्या माहितीतल्या ट्रेनिंग घेतलेल्या नर्स घरी येऊन करतात, नंबर डॉक्टरांकडूनच घ्या, इंटरनेटवरच्या जाहिरातीतून नको.

आणि डॉक्टरही गावाला जातात, आजारी पडतात, मे महिन्यात आणि दिवाळीत दवाखाने आठ-आठ दिवस बंद असतात. दवाखान्याबाहेर बोर्ड लागतो, पण घरात झोपलेल्या पेशंटला तो दिसत नाही, म्हणून दिवाळीच्या आधी फोन करून विचारा की कधीपासून कधीपर्यंत बंद आणि तोवर कोण बघणार, त्या दुसऱ्या डॉक्टरांना आपल्या पेशंटबद्दल एक शब्द टाकून ठेवा असंही सांगा, आणि रोजच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील एवढ्या आधीच आणून ठेवा.